कॉगॅटची चिठ्ठी घरी आली की: पाच-सात वर्षांच्या मुलाची तयारी म्हणजे नक्की काय

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, शाळेतून कॉगॅटची चिठ्ठी आलीय, कुठलं वर्कबुक घ्यायचं, कुठे क्लास आहे का, किती आधीपासून सुरू करायचं. कॉगॅट म्हणजे गिफ्टेड, म्हणजे खास हुशार मुलांच्या, वर्गासाठी मुलं निवडताना शाळा घेतात ती विचारशक्तीची टेस्ट. मूल असतं सहा-सात वर्षांचं, कधीकधी पाचच. मी दोन मुलांच्या वेळी यातून गेलेय, मुलीच्या वेळी खूप चुका केल्या आणि मुलाच्या वेळी त्या टाळल्या, आणि मधल्या काळात या टेस्ट कशा बनतात, स्कोअर कसा काढतात हे जेवढं वाचता आलं तेवढं वाचून काढलं. दर वर्षी कुणालातरी फोनवर तासभर हेच सांगते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी ही टेस्ट काय आहे ते बघू, कारण तेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. शाळेत शिकवलेलं मुलाला किती येतं हे ती मोजत नाही. स्पेलिंग नाही, पाढे नाहीत, वाचनसुद्धा जवळजवळ नाही. दोन-तीन गोष्टी समोर ठेवल्या तर त्यांच्यातलं नातं मुलाला दिसतं का, आणि तेच नातं दुसरीकडे लावता येतं का, एवढंच बघतात. कॉगॅटचे तीन भाग असतात, शब्दांचा, आकड्यांचा आणि आकृत्यांचा, प्रत्येक भागात तीन-तीन प्रकार, म्हणजे एकूण नऊ. किंडरगार्टनपासून सेकंड ग्रेडपर्यंत जवळजवळ सगळं चित्रांत असतं. उदाहरण म्हणून हे माझ्या मनातलं बघा: पक्षी आणि घरटं अशी जोडी वर दिलीय, खाली कुत्रा आहे, त्याच्यापुढे काय येईल. किंवा वर दोन चेंडूंचे तीन झाले, खाली चार चेंडू आहेत, त्यांचे किती होतील. आगगाडीचे डबे असतात, दोन्ही गाड्यांत सारखे नग व्हायला हवेत तर कुठला डबा जोडायचा. तारेत ओवलेले मणी असतात, पुढच्या तारेत किती मणी येतील. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे कागद दुमडलाय, त्याला भोक पाडलंय, उलगडल्यावर तो कसा दिसेल.

लहान इयत्तांत टीचर एकेक प्रश्न वाचून दाखवतात, मग मुलं उत्तराचा गोल भरतात किंवा स्क्रीनवर क्लिक करतात. किंडरगार्टनला सगळे मिळून सव्वाशेच्या आत प्रश्न, सेकंड ग्रेडला दीडशेच्या आसपास, आणि हे एका दिवसात कुणी घेत नाही, दोन-तीन दिवसांत वाटून घेतात. काही शाळा आधी फक्त तीन प्रकारांची छोटी चाचणी घेतात आणि त्यात वर आलेल्यांनाच पूर्ण टेस्ट देतात. काही डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच कारभाराखाली असलेल्या त्या भागातल्या शाळांमध्ये, कॉगॅटऐवजी एनएनएटी असते, नॅग्लिएरी नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बनवलेली, तिच्यात फक्त आकृत्या असतात, शब्द नाहीतच, ४८ प्रश्न आणि ३० मिनिटं. कुठे दोन्ही घेतात. कुणी प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टकडे जातात तिथे विस्क किंवा अगदी लहान मुलांसाठी विप्सी ही बुद्ध्यांकाची चाचणी असते, ती एका मुलाबरोबर एक माणूस समोरासमोर बसून घेतो, तो सगळा प्रकारच वेगळा.

म्हणून पहिलं काम वर्कबुकची ऑर्डर टाकण्याचं नाहीच, शाळेच्या ऑफिसला एक ईमेल टाकायचा. कुठली टेस्ट, पूर्ण की छोटी, कागदावर की कॉम्प्युटरवर, कुठल्या आठवड्यात, आणि गिफ्टेडमध्ये घेताना या स्कोअरशिवाय आणखी काय बघतात. अमेरिकेत हे नियम प्रत्येक राज्याचे आणि त्यातही प्रत्येक डिस्ट्रिक्टचे वेगळे आहेत, त्यामुळे टेक्सासमधल्या मैत्रिणीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालेलच असं नाही. न्यू जर्सीत तर २०२० साली कायदाच झालाय, तिथे मुलं निवडताना एकाच टेस्टवर न जाता अनेक निकष लावायचे असतात, आणि तिथल्या बऱ्याच आयांना हे माहीतच नसतं, सगळा जीव त्या एका आकड्यात अडकलेला असतो.

आता आकड्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे जरा सावकाश सांगते.

रिपोर्टवर पर्सेंटाइल असतं. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के मार्क नव्हेत. देशभरातली त्याच वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर साधारण पंच्याण्णव मुलं तुमच्या मुलाच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. आजी-आजोबांना फोनवर सांगताना हे नीट सांगा, नाहीतर "८० च पडले?" असा प्रश्न येतो, आणि ८० पर्सेंटाइल म्हणजे देशातल्या त्याच वयाच्या बहुतेक मुलांच्या पुढे हे त्यांना कळत नाही.

दुसरा आकडा असतो तो स्टँडर्ड एज स्कोअर. यात सरासरी १०० धरलेली असते आणि पसारा १६ चा, म्हणजे शंभरातली साधारण ६८ मुलं ८४ ते ११६ मध्ये येतात. १३२ च्या आसपास गेलं की ९८ पर्सेंटाइल. विस्कमध्ये पसारा १५ चा आहे म्हणून तिथे हीच जागा १३० ला येते. एका मुलाचे कॉगॅटमध्ये १३२ आणि दुसऱ्याचे विस्कमध्ये १३०, यात दोन मार्कांचा फरक शोधण्यात काही अर्थ नाही, दोघं जवळजवळ एकाच पायरीवर उभे आहेत.

या नावातला एज शब्द महत्त्वाचा. एकाच वर्गात एक मूल सप्टेंबरमध्ये सात पूर्ण करतं आणि दुसरं पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे जवळजवळ एका वर्षाचा फरक, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे खूप झालं. दोघांची सारखीच उत्तरं बरोबर आली तर लहान असलेल्याचा स्कोअर जास्त येतो, कारण त्याची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. टेस्ट चांगली जावी म्हणून मूल एक वर्ष मागे ठेवणारे पालक मी पाहिलेत, निदान या स्कोअरपुरता तरी त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एक अंक आणि एक अक्षर, ९ए, ८बी असं काहीतरी. अंक १ ते ९ मधला असतो, ९ म्हणजे वरच्या चार टक्क्यांत. अक्षर सांगतं की तिन्ही भाग एकमेकांशी कसे जुळतात. ए म्हणजे तिन्ही सारखेच, बी म्हणजे एक भाग बाकीच्यांपेक्षा वर किंवा खाली, सी म्हणजे एक वर आणि एक खाली, ई म्हणजे फरक फारच मोठा. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि नेमकी हीच कुणी बघत नाही. ज्याचं आकृत्यांमध्ये ९७ आणि शब्दांमध्ये ६० पर्सेंटाइल आहे त्या मुलाचा एकत्र आकडा मधेच कुठेतरी येतो, आणि त्यावरून ना त्याची ताकद कळते ना अडचण.

आणि हा स्कोअर दगडावरची रेघ नाही. काहीही बदललं नसताना तेच मूल पुढच्या आठवड्यात पाच-सहा गुण इकडेतिकडे होऊ शकतं, सर्दी झाली म्हणून, झोप झाली नाही म्हणून, शेजारचा मुलगा बडबडत होता म्हणून. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा स्कोअर नऊ-दहाव्या वर्षी बराच वेगळा येऊ शकतो. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशाला १९६९ पासून खास हुशार मुलांसाठी चालते आणि तिथे मुलं पाचवीत घेतात, म्हणजे दहाच्या आसपास, त्या वयात मोजमाप बरंच स्थिर झालेलं असतं. पाच वर्षांच्या मुलावर असला शिक्का मारायला मी कधीच तयार होणार नाही, मग तो चांगला असो की वाईट.

ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्यांचं मतही असंच होतं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी बुद्धी मोजण्याची पहिली चाचणी बनवली ती कुठल्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागेल हे शोधायला. हुशार मुलं वेचून काढणं हा उद्देशच नव्हता. आणि बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या समजुतीला बिनेंनी स्वतः लिहून विरोध केलाय.

आता तयारी. तयारीने स्कोअर वाढतो का? हो, थोडा वाढतो. पण का वाढतो ते समजून घ्या म्हणजे किती करायची हे आपोआप कळेल. ज्या मुलाने असा प्रश्न आयुष्यात कधी पाहिलाच नाही त्याचा पहिला बराचसा वेळ नक्की काय विचारलंय हे समजण्यातच जातो. चार चौकोन, त्यातला एक रिकामा, म्हणजे काय करायचं? हे एकदा कळलं की ते मूल मोकळं होतं आणि त्याची खरी विचारशक्ती दिसायला लागते. हा फायदा पहिल्या एक-दोन वेळेलाच सगळ्यात जास्त होतो. नंतर कितीही वर्कबुकं भरा, वाढ मंदावत जाते, कारण ओळख करून देण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि विचार करण्याची ताकद पंधरा दिवसांत पानं भरून वाढत नाही.

मी मुलीच्या वेळी हे न समजता सहा आठवडे रोज संध्याकाळी तिला बसवलं. रोज वीस प्रश्न, वर घड्याळ लावून. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती पटापट सोडवायला लागली आणि मला वाटलं वा, जमतंय. चौथ्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आता चित्रं बघतच नव्हती, पर्याय बघत होती. "आई, हा असा दिसतो ना तेव्हा उत्तर तिसरंच असतं." तिने पुस्तकाची सवय शिकून घेतली होती. मग संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, जेवणाच्या टेबलावर बसायलाच नको, कारण ते पुस्तक तिथेच असायचं. टेस्टमध्ये वेगळ्या धाटणीचे प्रश्न आले आणि ती गडबडली. तो दोष माझा होता, तिचा नाही, आणि हे मी तिला पुढे मोठी झाल्यावर स्पष्ट सांगितलंय.

त्याच काळातली एक आठवण मात्र मला फार उपयोगी पडली. मी स्वतःच एक प्रश्न काढला होता, गाजर, काकडी, मुळा, यांच्या गटात कोण बसेल, टोमॅटो, ब्रेड की शेंगदाणे. ती म्हणाली शेंगदाणे. मी पेन्सिलीने फुली मारली. ती हिरमुसली आणि म्हणाली, "पण आजी कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतेच की." तिचा विचार बरोबर होता! तिने या तिन्हींचं काय करतात हे शोधलं होतं, आणि आमच्या घरात तिन्हींची कोशिंबीर होते आणि त्यात कूट पडतंच. फुली मारण्याऐवजी मी का विचारलं असतं तर मला पुढे म्हणता आलं असतं की हे छानच शोधलंस, आता अजून एक नातं शोध, जे या तिघांनाही लागू होईल पण ब्रेडला आणि दाण्यांना होणार नाही. बस, या टेस्टची तयारी म्हणजे हेच. उत्तराला का विचारायचं, आणि एक कारण मिळालं की त्याहून घट्ट बसणारं कारण शोधायला लावायचं. बरोबर उत्तरालाही का विचारा, कारण कितीदा बरोबर उत्तरामागे नुसता अंदाज असतो.

मुलाच्या वेळी मी एवढंच केलं, प्रत्येक प्रकारचे तीन-चार नमुने, आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटं, तीन आठवडे. शाळेकडून नमुन्याची पानं मागितली तर बहुतेक वेळा मिळतात, टेस्ट बनवणाऱ्यांनीच सरावाची पानं काढलेली असतात, ती पुरेशी आहेत. बाकी सगळं घरात खेळताना.

आणि आपल्या घरात या खेळांना काय तोटा आहे! गणपतीच्या मखरासाठी कागदाची चौपदरी घडी घालून कात्रीने नक्षी कापतो ना, तीच ती कागद दुमडण्याची चाचणी. फक्त उलगडायच्या आधी थांबा आणि विचारा, आता उघडलं की भोकं किती दिसतील, कुठे दिसतील, चित्र काढून दाखव. मग उघडा. माझ्या मुलाने पहिल्यांदा एक भोक काढलं आणि उघडल्यावर चार निघाली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, त्या दिवशी त्याने अख्खी वही कापून टाकली. ठिपक्यांची रांगोळी अर्धी काढून उरलेली अर्धी त्याला पूर्ण करायला द्या, आकृत्यांच्या चौकटींत हेच चालतं, डावीकडे जे झालं ते उजवीकडे करायचं. पत्त्यांची रास रंगाने लाव, आता आकड्याने लाव, आता मी कशी लावलीय ते ओळख. कपडे वाळले की मोज्यांच्या जोड्या लावणं. डाळी-कडधान्यांच्या डब्यातलं वेगळं कोण ते शोधणं, आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरं देणं.

सगळ्यात आवडती माझी गोष्ट म्हणजे कोडी. पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब. कोण? मक्याचं कणीस. कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी. लसूण! आता यात मुलाचं डोकं काय करतं बघा, दाढी कशाची, सखीची मान म्हणजे काय, लेकी म्हणजे पाकळ्या, एका गोष्टीतलं नातं उचलून दुसऱ्या गोष्टीवर ठेवणं, हेच ते अॅनालॉजी म्हणतात ते. आमच्या आजीला हे नाव माहीत नव्हतं पण ती शेंगा निवडता निवडता आम्हाला दिवसभर हेच करायला लावायची.

इथून मला जे खरं सांगायचंय तिकडे येते, कारण यावर मी खूप घरांमध्ये चूक होताना बघितलीय. टेस्टचा शब्दांचा भाग इंग्रजीत असतो, म्हणून टेस्ट जवळ आली की घरात मराठी बंद. "आता दोन महिने सगळे इंग्रजीतच बोलू या", आजीलासुद्धा सांगतात, मराठी शाळेचा रविवार सोडतात. कृपा करून हे करू नका. मूल विचार करायला ज्या भाषेत शिकतं तीच त्याच्याकडून काढून घेतली तर त्याबदल्यात तुमचं-आमचं इंग्रजी देऊन काय मिळणार आहे. का, कसं, नाहीतर, जर-तर, सगळ्यांमध्ये सारखं काय, वेगळं काय, हे शब्द आणि त्यामागचा विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजीत जायला त्याला वेळ लागत नाही. मूल कोशिंबिरीचा विचार मराठीत करतं आणि उत्तराचा गोल इंग्रजीत भरतं, त्याला त्यात काही अडचण नसते, अडचण आपल्याला वाटते.

हो, एक गोष्ट खरी आहे, घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना काही इंग्रजी शब्द आणि काही इथल्या वस्तू माहीत नसतात. पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाला बर्फावरची घसरगाडी, मिटन, धुराडं यांची चित्रं ओळखता येत नाहीत, आणि त्याला विचार करता येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. यासाठी लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणा, दुकानात, बागेत, रस्त्यावर दिसेल त्याला दोन्ही भाषांत नाव द्या, किसणी म्हणजे ग्रेटर, कुंपण म्हणजे फेन्स. मराठी न सोडता इंग्रजी वाढवता येतं.

आणि शाळेला हे सांगा. कॉगॅट बनवणारे आयोवा विद्यापीठाचे डेव्हिड लोमन यांनी स्वतः लिहून ठेवलंय की इंग्रजी शिकत असलेल्या मुलांची तुलना त्यांच्यासारखीच संधी मिळालेल्या मुलांशी करावी. रिपोर्टमध्ये शब्दांचा भाग बाजूला ठेवून फक्त आकडे आणि आकृत्या यांचा एकत्र स्कोअरसुद्धा मिळतो. मुलाच्या शब्दांचे कमी आणि बाकी दोन्ही वर असतील तर तो स्कोअर बघितला का, असं शाळेला जरूर विचारा, यात भांडण करण्यासारखं काही नाही, त्यांच्याच टेस्टची ती सोय आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार आधी कळलेला आहे बरं का. बेळगाव-धारवाडकडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेंची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. नुसतं भाषांतर करून चालणार नाही, आपल्या मुलांना ओळखीचे शब्द आणि वस्तू हव्यात, आणि आपल्याच मुलांवर ती तपासून घ्यायला हवी, हे त्यांनी ओळखलं. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरतात. पुढे १९६९ साली नागपूरच्या मॅलिन यांनी विस्कची भारतीय आवृत्ती केली. परक्या भाषेत मोजलेली बुद्धी अपुरी मोजली जाते, हे त्या लोकांना कळलं होतं, तर आपण आपल्या मुलाच्या इंग्रजी शब्दांच्या स्कोअरवर रडत बसू नये.

आता घोकंपट्टीबद्दल आणखी एक. न्यूयॉर्क शहरात चार वर्षांच्या मुलांची गिफ्टेडसाठी टेस्ट घ्यायचे. आपल्या भागातल्या प्रोग्रॅमला ९० पर्सेंटाइल लागायचं, शहरभरच्या खास शाळांना ९७, पण ९७ च्या वर इतकी मुलं यायची की प्रत्यक्षात ९९ शिवाय जागा मिळणं कठीण. का? कारण क्लासेस आणि वर्कबुकांचं भलंमोठं दुकान उभं राहिलं होतं, चार वर्षांच्या मुलांसाठी. शहराने २०१३ च्या प्रवेशांसाठी टेस्ट बदलून बघितली, एनएनएटी आणली, मग त्याचीही वर्कबुकं आली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या शिक्षण पॅनेलने टेस्टचं कंत्राटच नामंजूर केलं आणि त्यानंतर तिथे बालवाडीच्या टीचरची शिफारस आणि लॉटरी असं सुरू झालं. सगळे घोकंपट्टी करायला लागले की टेस्टने कुणाला काही सांगायचंच थांबतं, आणि ज्यांना क्लास परवडत नाही ती मुलं मागे पडतात. याच्या उलट फ्लोरिडातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टने पालकांच्या अर्जाची वाट न बघता सेकंड ग्रेडच्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली तेव्हा गरीब घरातली आणि काळी, लॅटिनो मुलं गिफ्टेडमध्ये कितीतरी जास्त निघाली, ती आधीपासून तिथेच होती, कुणी बघितलं नव्हतं एवढंच.

विस्क किंवा विप्सी असेल तर सराव अजिबात नको, आणि हे मी ठामपणे सांगते. या टेस्टचं साहित्य गुप्त ठेवलेलं असतं, इंटरनेटवर कुणी खरे प्रश्न म्हणून विकत असेल तर हातही लावू नका. मुलाने ते पाहिलेलं निघालं तर रिपोर्ट निरुपयोगी होतो, एक-दोन वर्षं ती टेस्ट पुन्हा घेता येत नाही, आणि मुलाला खरंच कुठे मदत हवी असेल, वाचनात, एकाग्रतेत, तर तीही त्या खोट्या आकड्याखाली दडून जाते. खूप हुशार आणि तरीही डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) किंवा एडीएचडी (एकाग्रतेची अडचण) असलेली मुलं असतात, त्यांच्यासाठी तो रिपोर्ट फार मोलाचा असतो.

मुलाला काय सांगायचं? खोटं काही सांगू नका, फक्त गेम आहे असंही नको, त्यांना कळतं. मी मुलाला म्हटलं, शाळेत तुम्हाला कोडी देणार आहेत, काही सोपी असतील, काही मोठ्या मुलांसाठीची असतील, ती कुणालाच सगळी येत नाहीत, नाही आलं तर जे सगळ्यात जवळचं वाटेल ते निवड आणि पुढे जा. कॉगॅटमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे रिकामं सोडायचं नाही, हे मुलाला नक्की माहीत असू द्या. गिफ्टेड हा शब्द घरात उच्चारायचा नाही. आणि सवयी म्हणाल तर दोन-तीनच, टीचर बोलतात तोपर्यंत थांबायचं, पुढे पळायचं नाही, कारण टीचर एकेक प्रश्न वाचतात आणि पुढे गेलेलं मूल ओळ चुकतं आणि मग सगळेच गोल एक घर सरकतात. सगळे पर्याय बघूनच निवडायचं, पहिला बरा दिसला म्हणून नाही. कॉम्प्युटरवर असेल तर हेडफोन आणि माऊसची सवय, घरी फक्त टॅबलेट वापरणाऱ्या मुलांना माऊस जमत नाही हे मी पाहिलंय.

डोळे आणि कान मात्र टेस्टच्या आधी एकदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर आहे हे माहीत नसलेलं मूल बारीक आकृत्यांमध्ये काय बघणार.

आदल्या आठवड्यात वर्कबुक कपाटात. रात्री वेळेवर झोप, सकाळी रोजचाच नाश्ता, त्या दिवशी खास म्हणून गोडधोड किंवा नवीन काही नको. दाराशी ऑल द बेस्टचा मोठा सोहळा नको. ताप असेल तर घरीच ठेवा, शाळा त्याची टेस्ट नंतर घेतात, आधी फोन करून विचारा. घरी आल्यावर काय काय विचारलं म्हणून उलटतपासणी घेऊ नका आणि त्याने सांगितलेले प्रश्न ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या शाळेतल्या मुलांची टेस्ट अजून व्हायची असते.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. आला की एकटे बसून वाचा, मुलाला आकडा सांगू नका, भावंडांना तर मुळीच नाही, आणि व्हॉट्सअॅपवर नको. तिन्ही भागांचे वेगळे आकडे आणि ते अक्षर बघा. निवड झाली नाही आणि तुम्हाला खरंच वाटत असेल की काहीतरी राहून गेलंय तर शाळेला विचारा की अपील करता येतं का, मुदत कुठपर्यंत, पुन्हा टेस्ट कधी, बाहेरच्या सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट चालतो का, मुलाचं काम आणि टीचरचं मत जोडता येतं का. अपिलाची मुदत बऱ्याच ठिकाणी अगदी थोडी असते, त्यामुळे हे प्रश्न रिपोर्ट येण्याची वाट न बघता त्या पहिल्या ईमेलमध्येच विचारून ठेवा.